तारेवाचून वीज : घरगुती सौर संचाचे गणित

सूर्यप्रकाशाला मोल पडत नाही. परंतु दुपारच्या सूर्यप्रकाशावर रात्री नऊ वाजता दिवा लावावयाचा झाल्यास बरेच मोल पडते. त्या खर्चाचा मोठा भाग, सामान्य समजुतीच्या उलट, छपरावरील चकाकणाऱ्या सौर फलकावर होत नाही. तो घराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या बॅटरीवर होतो. चांगला फलक वीस-पंचवीस वर्षे काम देतो. चुकीच्या हिशेबाने घेतलेली बॅटरी मात्र दोन पावसाळ्यांत निकामी होते, आणि नवी बॅटरी घेण्याइतका पैसा हाताशी नसेल तर त्या घरात पुन्हा रॉकेलची चिमणी लागते. अशा घरांच्या छपरांवर उत्तम स्थितीतील फलक निरुपयोगी होऊन पडलेले दिसतात. हे टाळण्यास विशेष विद्वत्ता लागत नाही. शाळेतील गुणाकार-भागाकार पुरेसा होतो. मात्र तो खरेदीच्या आधी करावा लागतो.

प्रकाशापासून वीज उत्पन्न होते हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल यांस १८३९ मध्ये आढळून आले होते. परंतु उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे सहा टक्के ऊर्जेचे विजेत रूपांतर होत असे. चार वर्षांनी, १९५८ मध्ये, व्हॅनगार्ड उपग्रहावर असे घट बसविण्यात आले. भारतात साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी उद्योगाने १९७७ मध्ये सौर घट तयार केला. आजचे फलक विसाव्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही थोडे पुढे पोहोचलेले आहेत. बॅटरीचा इतिहास याहून जुना आहे. शिसे व गंधकाम्ल यांची पुन:पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनविली, आणि तिचेच सुधारलेले रूप आजही खेड्यापाड्यांतील बहुसंख्य घरांत वापरले जाते.

आता एखादे घर उदाहरणादाखल घेऊ. छत्तीसगडातील बस्तरच्या पठारावर, सालवृक्षांच्या जंगलाकाठी, विरळ वस्तीच्या एखाद्या पाड्यावरील पाच माणसांचे कौलारू घर कल्पावे. अशा घरांसाठीच भारत सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'सौभाग्य' योजनेत निराळी तरतूद होती. जेथे विजेची तार नेणे परवडणारे नव्हते, तेथे २०० ते ३०० वॅटचे सौर फलक, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एकदिश प्रवाहावर चालणारा एक पंखा आणि एखादे उपकरण जोडण्यासाठी एक प्लग असा संच देण्यात येई, व त्याबरोबर पाच वर्षांची देखभालही असे. हे आकडे कोठून आले, हे स्वतंत्रपणे हिशेब करून पाहण्यासारखे आहे.

हिशेबाचा आरंभ फलकापासून करावयाचा नसतो, गरजेपासून करावयाचा असतो. 'एक किलोवॅटचा संच द्या' अशी मागणी करणारे गिऱ्हाईक हे 'एक पोते द्या' असे म्हणणाऱ्यासारखे आहे. पोत्यात काय भरावयाचे हे त्याने सांगितलेलेच नसते. प्रत्येक उपकरण किती वॅटचे आहे आणि दिवसातून किती तास चालते, या दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. आपल्या घरात स्वयंपाकघर व ओटी येथे ९ वॅटचे दोन दिवे पाच तास लागतात : ९० वॅट-तास. इतरत्र ५ वॅटचे तीन दिवे तीन तास : ४५. एक पंखा, २८ वॅटचा, दहा तास : २८०. दोन मोबाइल फोन भरण्यास सुमारे ३०. लहान दूरचित्रवाणी संच २५ वॅटचा, तीन तास : ७५. एकंदर बेरीज ५२० वॅट-तास होते. महिन्याचे १५ ते १६ युनिट! शहरातील एखादे वातानुकूलित घर एवढी वीज उन्हाळ्यातील एका दिवसातही वापरू शकते.

या बेरजेत पंख्याचा वाटा निम्म्याहून अधिक आहे, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा ७० ते ८० वॅट घेतो. तोच येथे लावला असता तर पंख्याचा आकडा २८० ऐवजी ७५० झाला असता, आणि फलक व बॅटरी दोन्ही जवळजवळ दुप्पट आकाराची घ्यावी लागली असती. म्हणून कमी वीज घेणारा पंखा महाग वाटला तरी संपूर्ण संचाच्या हिशेबात तो स्वस्त पडतो. उष्णता देणारी उपकरणे, म्हणजे इस्त्री, पाणी तापविण्याची कांडी, विजेची शेगडी, यांना मात्र अशा संचात मुळीच थारा देऊ नये. हजार वॅटची इस्त्री अर्धा तास चालली तर दिवसभराची सगळी वीज तिच्यातच संपते.

वापर निश्चित झाल्यावर गळतीचा विचार येतो. शिशाच्या बॅटरीत जेवढी ऊर्जा घालावी तेवढी परत मिळत नाही. शंभरातील सुमारे ऐंशी भाग मिळतात. तारा व नियंत्रक यांत आणखी दहा टक्के जातात असे धरावे. ०.८ गुणिले ०.९ म्हणजे ०.७२. तेव्हा ५२० वॅट-तास हाती पडण्यासाठी फलकाने ५२० भागिले ०.७२, म्हणजे जवळजवळ ७२० वॅट-तास निर्माण केले पाहिजेत.

फलकावर लिहिलेला '२५० वॅट' हा आकडा प्रयोगशाळेतील आहे. दर चौरस मीटरवर १००० वॅट प्रकाश पडत असताना आणि घटांचे तापमान २५ अंश सेल्सियस असताना तो मिळतो. भर दुपारी छपरावरील काळ्या फलकाचे तापमान ६५ अंशांपर्यंत जाते. सिलिकॉनचे उत्पादन दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के घटते; म्हणजे चाळीस अंशांच्या वाढीने १६ टक्के घट झाली. सूर्य तापला म्हणजे वीज वाढते, हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे : फलकाला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. फलक कौलांना चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल असे बसवावे, याचे कारण हेच.

किती प्रकाश मिळतो हे स्थळावर व ऋतूवर अवलंबून आहे. भारतात ही मोजणी पद्धतशीरपणे उभी करण्याचे श्रेय मुख्यत: ॲना मणी (१९१८–२००१) यांना जाते. पुणे येथे हवामान खात्याच्या उपकरण विभागात काम करीत असता त्यांनी देशी किरणमापके घडविण्याचे कार्य हाती घेतले, १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने देशभर किरणमापन केंद्रांचे जाळे विणले, आणि पुढे १९८० मध्ये भारतातील सौर प्रारणाच्या आकड्यांचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सौर यंत्रणा आखणारे अभियंते त्याचा आधार घेत आले आहेत. देशाच्या बहुतेक भागांत दर चौरस मीटरवर दिवसाला ४ ते ७ किलोवॅट-तास ऊर्जा पडते. हाच आकडा दुसऱ्या शब्दांत असा मांडता येतो : पूर्ण तेजाचे ४ ते ७ 'सूर्यतास' मिळतात.

येथेच सर्वांत महागडी चूक होते. बस्तरसाठी वर्षाची सरासरी पाच सूर्यतास धरली, आणि उष्णता व धूळ यांपोटी पंधरा टक्के वजा केले, तर ७२० भागिले ४.२५, म्हणजे १७० वॅटचा फलक पुरे असे उत्तर येते. विक्रेता हाच आकडा सांगतो, कारण तो गिऱ्हाइकाच्या खिशाला सोसवतो. परंतु सरासरी कोणत्याच दिवशी उगवत नाही. जुलै-ऑगस्टात आभाळ दिवसेंदिवस झाकलेले असते. त्या काळासाठी साडेतीन सूर्यतास धरले तर ७२० भागिले २.९७५, म्हणजे सुमारे २४० वॅट येतात. बाजारात मिळणारा त्याच्या जवळचा आकडा २५० वॅट. सरकारी संचाची २०० ते ३०० वॅटची मर्यादा अशी आपोआप समोर येते. १७० वॅटवर भागविलेल्या घरात पावसाळ्यात दिवे जातातच. पण त्याहून वाईट असे की, त्या दोन-तीन महिन्यांत बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. तिचे परिणाम पुढे भोगावे लागतात.

शिशाच्या बॅटरीत वीज वापरली जाते तेव्हा दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते, आणि भरताना ते पुन्हा विरघळते. बॅटरी अर्धवट भरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे राहिली तर या सल्फेटाचे बारीक कण मोठ्या, कठीण स्फटिकांत रूपांतरित होतात. मग ते भरण्यानेही सुटत नाहीत. पट्ट्यांचा तेवढा भाग कायमचा मेला असे समजावे. दिवा मंद होणे, पंखा लवकर थांबणे ही त्याची पहिली चिन्हे होत. लोक म्हणतात, बॅटरी जुनी झाली. वस्तुत: ती उपाशी राहिलेली असते.

बॅटरीचा आकार ठरविताना दोन प्रश्न विचारावेत. एक, आभाळ पूर्ण झाकले असता किती दिवस काढावयाचे? दोन, ती किती खोलवर रिकामी होऊ द्यावयाची? शिशाची बॅटरी दररोज निम्म्याच्या खाली उतरू देऊ नये. जितकी अधिक खोल उतरेल तितकी तिची आवर्तने, म्हणजे भरण्या-रिकामे होण्याच्या फेऱ्या, कमी होतात. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची नळीदार पट्ट्यांची बॅटरी घेतली तर तिच्यात १८०० वॅट-तास मावतात, आणि वापरावयाचे त्यांतील ९००. रोजच्या ५२० च्या हिशेबाने ही शिदोरी पावणेदोन दिवसांची झाली. ढगाळ दिवशीही फलक थोडीफार वीज देतोच. आणि पावसाच्या गारव्यात पंखा कमी लागतो. म्हणून एवढे पुरते.

मग दुप्पट मोठी बॅटरी घेऊन निश्चिंत का होऊ नये? कारण तिला भरण्यास फलकही तेवढाच मोठा लागतो. शिशाच्या बॅटरीला तिच्या अँपिअर-तासांच्या सुमारे एक दशांश इतका प्रवाह मिळाल्यास ती नीट भरते. १५० च्या बॅटरीला १५ अँपिअर हवेत. २५० वॅटचा फलक चांगल्या उन्हात तेवढे देतो. ३०० च्या बॅटरीला तोच फलक जोडला तर वीसावा हिस्साच मिळेल, आणि एकदा खोलवर उतरलेली बॅटरी पावसाळा संपेपर्यंत वर येणार नाही. लहान फलक व मोठी बॅटरी ही जोडी बाजारात पुष्कळ दिसते. तिच्याइतकी फसवी काटकसर दुसरी नसेल.

मोटारीची जुनी बॅटरी स्वस्तात मिळते म्हणून वापरण्याचा मोहही टाळावा. तिच्या पट्ट्या पातळ असतात; क्षणभर मोठा प्रवाह देऊन यंत्र सुरू करावे आणि लगेच पुन्हा भरावे, एवढ्यासाठीच ती घडविलेली असते. रात्रभर दिवा जाळण्याचे काम तिला काही महिनेच झेपते.

अलीकडे लिथियम-लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटऱ्या घरगुती वापरात आल्या आहेत. त्या ऐंशी टक्क्यांपर्यंत रिकाम्या केल्या तरी चालतात, अर्धवट भरलेल्या राहिल्या तरी त्यांचे बिघडत नाही, आणि त्यांत पाणी घालावे लागत नाही. १२.८ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची अशी बॅटरी १०२४ वॅट-तास वापरू देते. म्हणजे १५० च्या शिशाच्या बॅटरीहून किंचित अधिकच. किमतींची तुलना करताना अँपिअर-तासांकडे न पाहता आयुष्यभरात मिळणाऱ्या विजेकडे पाहावे. समजा, निर्मात्याने शिशाच्या बॅटरीसाठी निम्म्या खोलीवर १२०० आवर्तने लिहून दिली आहेत, आणि लिथियमसाठी ३०००. पहिली ९०० गुणिले १२००, म्हणजे १०८० युनिट देईल. दुसरी ३०७० युनिटांच्या आसपास. तेव्हा दुसरीची किंमत पहिलीच्या अडीचपट असली तरी ती महाग नव्हे. ज्याच्याजवळ आज तेवढी रक्कम नाही त्याने शिशाची घ्यावी, पण तिची निगा राखावी. लिथियमला योग्य असा नियंत्रक वेगळा असतो, आणि गोठणबिंदूखाली ती भरता येत नाही. बस्तरला याची चिंता नाही, लेहमध्ये आहे.

फलक व बॅटरी यांच्या मध्ये नियंत्रक नावाची एक लहानशी पेटी असते. ती बॅटरी अति भरू देत नाही व अति उतरू देत नाही. तिची निवड करताना फलकातील घट मोजावेत. ३६ घटांचा फलक सुमारे १८ व्होल्टवर काम करतो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीशी साध्या नियंत्रकाने जोडता येतो. परंतु २५० वॅटचे पुष्कळ फलक ६० घटांचे असतात. ते ३० व्होल्ट व ८.३ अँपिअर देतात. साधा नियंत्रक हे व्होल्ट बॅटरीच्या पातळीवर, समजा १३ वर, खेचून आणतो, पण अँपिअर वाढवीत नाही. ८.३ गुणिले १३ म्हणजे १०८ वॅट! निम्म्याहून अधिक फलक वाया गेला, आणि घरातील कोणालाही ते दिसले नाही. अशा फलकाला कमाल शक्तिबिंदू शोधणारा, एमपीपीटी नावाचा, नियंत्रक घ्यावा. नाहीतर ३६ घटांचे १२५ वॅटचे दोन फलक समांतर जोडावेत.

आता बसविण्याची जागा. फलकाचे तोंड दक्षिणेस असावे व कल त्या गावाच्या अक्षांशाइतका. बस्तरला १९ ते २० अंश, दिल्लीस २८ च्या आसपास. कलामुळे पावसाने धूळही धुतली जाते. कलापेक्षा सावलीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. फलकातील घट एकापुढे एक, एकसर जोडलेले असतात. त्यामुळे एका घटावर सावली पडली तरी त्या संपूर्ण ओळीचा प्रवाह अडतो. अंगणात मोहाचे झाड असते, आणि मोह तोडावा असे त्या मुलखात कोणी सुचविणारही नाही. तेव्हा फलक छपराऐवजी मोकळ्या जागी खांबावर उभारावा लागतो.

खांब घरापासून दहा मीटरांवर उभारला की तारेचा प्रश्न येतो. जाऊन-येऊन तार वीस मीटर झाली. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.००७४ ओहम, वीस मीटरला ०.१४८. तीतून १४ अँपिअर वाहिले म्हणजे दोन व्होल्ट वाटेतच गळाले. उन्हाळ्यात १८ व्होल्टचा फलक तापून पंधराच्या आसपास आलेला असतो. त्यातून दोन गेले म्हणजे उरले तेरा. बॅटरी पूर्ण भरण्यास मात्र चौदाच्या वर व्होल्ट लागतात. फलक नवा, बॅटरी नवी, ऊन कडक, तरी भरणी अपुरी : याचे रहस्य पुष्कळदा त्या बारीक तारेत असते. १० चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास गळती अर्ध्या व्होल्टवर येते. तारेचा खर्च वाढतो हे खरे. पण तो एकदाच होतो.

या घरात प्रत्यावर्ती प्रवाह करून देणारा इन्व्हर्टर शक्य तर नकोच. दिवे, पंखा, फोन, लहान दूरचित्रवाणी संच ही सर्व १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालणारी मिळतात. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, काहीही जोडले नाही, तरी दहाएक वॅट खातो. चोवीस तासांचे २४० वॅट-तास झाले. हा रिकामटेकडा पाहुणा घरातील सर्व दिव्यांहून अधिक जेवतो. जेथे शिलाईयंत्राची मोटर किंवा मिक्सर चालवावयाचा असेल तेथे तो घ्यावा, शुद्ध साइन तरंगाचा घ्यावा, आणि काम संपताच बंद करावा.

ज्या घरांत विजेची तार आहे पण वीज वारंवार जाते, त्यांचा हिशेब याच मार्गाने, फक्त खंडित तासांपुरता करावा. एक गोष्ट तेवढी तेथील लोकांना आधी सांगावयास हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेतील छपरांवरचे संच तारेच्या जाळ्याशी जोडलेले असतात. बॅटरी नसलेला असा संच, तारेतील वीज जाताच, भर उन्हातही बंद पडतो. तारेवर दुरुस्ती करणाऱ्या कामगारास धक्का बसू नये म्हणून तशी व्यवस्था मुद्दाम केलेली असते. वीज गेल्यावर दिवे हवे असतील तर बॅटरी व तिला साजेसा इन्व्हर्टर निराळा पाहावा लागतो.

बॅटरीच्या धन ध्रुवापासून वीतभर अंतराच्या आत वितळतार अवश्य बसवावी. १२ व्होल्टचा धक्का माणसास जाणवत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. परंतु तिची दोन टोके पान्याने चुकून जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. तिच्या खोलीत वारा असावा, जवळ चूल किंवा उदबत्तीही नसावी. फलकाची चौकट व खांब यांना भूसंपर्क द्यावा. महिन्यातून एकदा ऊर्ध्वपातित पाण्याची पातळी पाहावी; विहिरीचे पाणी कितीही नितळ असले तरी घालू नये, आणि गंधकाम्ल तर कधीच वरून ओतू नये.

बॅटरीची खरी स्थिती सांगणारे साधन म्हणजे द्रवघनतामापक. पूर्ण भरलेल्या नळीदार बॅटरीतील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२४ असते, आणि ती रिकामी होत जाते तसे ते १.१ च्या दिशेने उतरते. मापक नसेल तर काही तास विसावलेल्या बॅटरीचे व्होल्ट पाहावेत : १२.७ च्या आसपास पूर्ण, १२.२ च्या आसपास निम्मी. शाळेच्या विज्ञानकक्षातील साधा व्होल्टमापक यास पुरतो, आणि गावातील चार घरांच्या बॅटऱ्यांची नोंद ठेवण्याचे काम वरच्या वर्गातील मुलांना सहज करता येईल. राजस्थानात तिलोनिया येथील संस्थेने अक्षरओळख बेताची असलेल्या ग्रामीण स्त्रियांना सौर संच जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण दिले, हे येथे आठवावे.

पावसाळ्यात सलग चार-पाच दिवस आभाळ फुटले नाही की नियंत्रकावरील तांबडा दिवा लागतो व पुरवठा आपोआप तुटतो. अशा वेळी पंख्याच्या तारा थेट बॅटरीच्या टोकांना जोडून रात्र काढण्याची युक्ती कोणीतरी हमखास शिकवितो. त्या रात्री वारा मिळतो आणि बॅटरीचे काही महिने जातात. त्याऐवजी आभाळ भरून येताच, तांबड्या दिव्याची वाट न पाहता, दूरचित्रवाणी व पंखा बंद ठेवावा. पाच दिवे व फोन यांना मिळून रोज १६५ वॅट-तासच लागतात. भरलेली बॅटरी फलकाच्या मदतीवाचूनही त्यांना पाच दिवस पुरवठा करते, आणि ओटीवरच्या दिव्याखालचा अभ्यास चालू राहतो.

शेवटी प्रत्येक बॅटरी संपतेच. शिशाच्या जुन्या बॅटरीला मोडीचा भाव येतो, म्हणून ती भंगारवाल्यास देण्याकडे कल असतो. उघड्यावर ती फोडून शिसे वितळविले जाते तेव्हा त्याची धूळ व धूर आसपासच्या मातीत, विहिरीत आणि मुलांच्या रक्तात उतरतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांवर योग्य प्रक्रिया करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानात परत द्यावी, तिची किंमत नवीच्या बिलात वजा करून घ्यावी, आणि ती तेथे नेताना आडवी न करता उभीच न्यावी.